व्याख्यानाची मूळ फाइल संस्थेकडेच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या या शहरात आता सभागृहात कॅमेरा नाही, असे व्याख्यान शोधावे लागते. पेठेतल्या व्याख्यानमाला, महाविद्यालयांचे परिसंवाद, अभ्यास मंडळांच्या सभा, सगळे थेट यूट्यूबवर जाते. ज्यांना जिना चढवत नाही किंवा जे पुण्याबाहेर आहेत त्यांची मोठी सोय होते. पण कार्यक्रम संपल्यावर त्याची एकमेव प्रत राहते कुठे? अनेक ठिकाणी फोनवरून किंवा कॅमेऱ्यातून चित्र परस्पर यूट्यूबला जाते आणि संस्थेच्या कपाटात काहीच उरत नाही. जे आहे ते यूट्यूबने पुन्हा दाबून लहान केलेले, आणि ते पाहायचे तर त्यांच्याच प्लेअरमधून.

त्या प्लेअरविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. यूट्यूबचे पान उघडले की ब्राउझरमध्ये ‘बेस डॉट जेएस’ नावाची मोठी फाइल उतरते. हा प्रोग्राम चालतो आपल्या संगणकावर, पण माणसाला वाचता येऊ नये अशाच रूपात येतो: नावे एकदोन अक्षरांची, ओळी सलग, मूळ कोड उपलब्ध नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम चालवणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे असे चार हक्क वापरणाऱ्याला असतात. इथे फक्त चालवता येते, तेही त्यांच्या अटींवर. परिणाम असा की, व्हिडिओच्या पत्त्यात ‘एन’ नावाचा एक घटक असतो आणि याच फाइलमधले एक फंक्शन त्याचे रूपांतर करते. रूपांतर न करता मागणी केली, तर सर्व्हर वेग अगदी खाली आणतो किंवा सरळ नकार देतो. हे फंक्शन प्लेअरच्या आवृत्तीबरोबर बदलत राहते. त्यामुळे यूट्यूबवरचे व्हिडिओ उतरवून घेणारे वायटी-डीएलपीसारखे मुक्त सॉफ्टवेअर काल चालत होते आणि आज अडले, असे वारंवार होते. २०२५ च्या अखेरीपासून तर यूट्यूबसाठी त्याच्या जोडीला डेनोसारखा जावास्क्रिप्ट चालवणारा स्वतंत्र प्रोग्राम बसवावा लागतो. ज्यावरून ते तयार झाले तो यूट्यूब-डीएल हा प्रकल्प ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून गिटहबने, म्हणजे असे प्रकल्प ठेवणाऱ्या संकेतस्थळाने, काढून टाकला होता. नोव्हेंबरमध्ये तो परत आला. आपल्याच संस्थेचे व्याख्यान परत मिळवण्याची वाट अशा साधनांवर सोडून चालणार नाही.

नियमही यूट्यूबचेच. जून २०१८ मध्ये ब्लेंडर फाउंडेशन (ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे मुक्त सॉफ्टवेअर बनवणारी संस्था) आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमाचे व्हिडिओ यूट्यूबवर काही दिवस जगभर अडवले गेले होते. ब्लेंडरने आपल्या चॅनलवर जाहिराती बंद ठेवल्या होत्या आणि वाद यूट्यूबशी करायच्या कराराचा होता. जून २०२१ पासून तर भारतासह अमेरिकेबाहेरच्या देशांतही, कमाईच्या योजनेत नसलेल्या चॅनलच्या व्हिडिओंवर जाहिराती दाखवण्याचा हक्क यूट्यूबने अटींत घेतला. संतसाहित्यावरचे निरूपण सुरू असताना मध्येच जाहिरात येते, आणि त्यातला पैसा ना संस्थेला ना वक्त्याला.

कंटेंट आयडी, म्हणजे कॉपीराइटचे दावे आपोआप लावणारी यूट्यूबची यंत्रणा, ही आणखी एक बंद पेटी. नोंदवलेल्या ध्वनीशी आपला ध्वनी ताडून हे यंत्र दावा लावते. व्याख्यानाआधी सभागृहात लावलेली नाट्यगीताची ध्वनिमुद्रिका, एवढेही कारण पुरते. दाव्यावर हरकत घेतली की उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस मिळतात, तोवर वाट पाहायची. कॉपीराइटची रीतसर नोटीस आली तर प्रकरण अधिक गंभीर होते: ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक (नियमभंगाचे ठपके) लागले की चॅनल, आणि त्यावरचे सगळे व्हिडिओ, जाऊ शकतात. जुळणी नेमकी कशी ठरली हे तपासायला तो प्रोग्राम कोणालाच उघडता येत नाही.

यूट्यूब सोडा, असे आम्ही म्हणत नाही. प्रेक्षक तिथे आहे, प्रत तिथेही राहू द्या. मात्र मूळ प्रत आपल्याकडे हवी, आणि तिची सुरुवात चित्रीकरणापासून होते. ओबीएस स्टुडिओ हे मुद्रणाचे आणि थेट प्रक्षेपणाचे मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंगमधल्या ‘जनरल’ भागात प्रक्षेपण सुरू होताच ध्वनिचित्रमुद्रणही आपोआप सुरू व्हावे, असा पर्याय आहे. तो चालू ठेवा. फाइलचा प्रकार एमकेव्ही निवडा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की ती लिहिलीच जात नाही आणि दीड तासाची फाइल उघडत नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो, आणि नंतर ओबीएसच्या ‘फाइल’ मेनूतल्या ‘रीमक्स’ने दर्जा न घटवता त्याचा एमपी४ करता येतो.

आधीच यूट्यूबवर असलेले परत आणायचे तर यूट्यूब स्टुडिओतून डाउनलोड करू नका. तिथे सहसा ७२० पी किंवा त्याहून कमी दर्जाची फाइल मिळते. गुगल टेकआउट या, आपल्या खात्यातली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीवर जा, आधी सगळ्या खुणा काढा, फक्त यूट्यूब ठेवा, त्यातही फक्त व्हिडिओ. सगळे झिप फाइलींच्या तुकड्यांत मिळते, तुकड्यांचा आकार ५० जीबीपर्यंत घेता येतो. डाउनलोडचा दुवा साधारण सात दिवसांत बाद होतो, म्हणून डिस्क आधी मोकळी करून ठेवा. खरे घोडे अडते ते खात्यापाशी. चॅनल एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या वैयक्तिक जीमेलवर उघडलेले असते, तो शिकायला परदेशी जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. चॅनल ब्रँड खात्यावर (एकाहून अधिक जणांना सांभाळता येणारे गुगल खाते) घेऊन किमान दोन पदाधिकारी मालक म्हणून जोडावेत. टेकआउट करतानाही त्याच ब्रँड खात्यात शिरलेले असावे लागते, नाहीतर रिकामी झिप हाती येते.

आता स्वतःच्या व्हिडिओ स्थळाविषयी. फ्रामासॉफ्ट या फ्रेंच ना-नफा संस्थेचे पीअरट्यूब हे व्हिडिओ स्थळ चालवण्याचे सॉफ्टवेअर एजीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते. पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०१८ ची. डेबियन, नोड, पोस्टग्रेस, रेडिस, एफएफएमपेग आणि एनजिनएक्स एवढ्या, सर्व्हरवर नेहमी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर ते उभे राहते. एका संस्थेचे पीअरट्यूब दुसरीच्या व्हिडिओंची यादी दाखवू शकते, म्हणजे चार व्याख्यानमाला आपापला सर्व्हर ठेवूनही एकमेकींना दिसतात. जागेचा हिशेब असा: दीड तासाचे व्याख्यान १०८० पी, सेकंदाला ६ मेगाबिट दराने घेतले तर मूळ फाइल सुमारे ४ जीबी, ७२० पीची प्रत दीड मेगाबिटने १ जीबी, आणखी लहान प्रती मिळून त्याहून कमी. वर्षाला ५० व्याख्याने धरली तर ३०० जीबीच्या आसपास. शंभर जण एकाच वेळी ७२० पी पाहू लागले तर १५० मेगाबिट लागतात. कार्यालयातल्या इंटरनेट जोडणीवर भिस्त न ठेवता सर्व्हर भाड्याने घ्यावा.

इथे तीन ठिकाणी हमखास चुकते. डोमेनचे नाव पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच पक्के करा. इतर सर्व्हरकडे पत्ते त्याच नावाने नोंदले जातात आणि मागाहून बदलणे जिकिरीचे ठरते. दोन कोअरच्या सर्व्हरवर व्हिडिओचे रूपांतर तासन्‌तास चालते आणि स्थळ मंदावते, आवृत्ती ५.२ पासून हे काम दुसऱ्या संगणकावर सोपवता येते, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला रात्री रिकामा असलेला एखादा त्याला उत्तम. आणि पीअरट्यूबवर पाहणारे एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पुरवतात (यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात) तेव्हा त्यांचे आयपी पत्ते एकमेकांना कळू शकतात. हे नको असेल तर पीअर-टू-पीअर बंद करता येते, फक्त सर्व्हरवरचा भार वाढतो. बॅकअप म्हणजे व्हिडिओंचा फोल्डर आणि पोस्टग्रेसचा डंप (माहितीसाठ्याची प्रत), दोन्ही. एकच घेतला तर शीर्षके, वर्णने जातात किंवा व्हिडिओ जातात.

वक्त्याची संमती हा भाग बहुधा राहून जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणारा असतो, आणि व्याख्यान देणारी व्यक्ती ‘परफॉर्मर’च्या व्याख्येतही येते. म्हणून मानधनाच्या पावतीबरोबर एका पानाचे संमतिपत्र घ्यावे: चित्रीकरण, प्रसारण आणि कोणता परवाना. यूट्यूबवर दोनच परवाने निवडता येतात, त्यांचा प्रमाणित आणि क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश. श्रेय द्यावे पण व्यापारी वापर नको, असे वक्त्याचे म्हणणे असेल तर तो पर्याय पीअरट्यूबवर आहे, यूट्यूबवर नाही.

चित्रीकरण बाहेरच्या व्यावसायिकाला दिले असेल तर कामाच्या पत्रातच लिहावे, की मूळ फाइल आठ दिवसांत हार्ड डिस्कवर द्यायची, सोबत प्रत्येक फाइलच्या एसएचए-२५६ चेकसमची (फाइल जशीच्या तशी आली का, हे ताडायच्या खुणेची) यादी, आणि संस्थेने ती पडताळून दोन डिस्कवर उतरवल्यानंतरच शेवटचा हप्ता.

आपले,
मुक्त सॉफ्टवेअरचे काम करणारे काही पुणेकर