लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार भाऊंस

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी चादरीत गुंडाळलेले संगणकाचे कॅबिनेट घेऊन डोंबिवलीहून आलेली आई आणि तिचा अबोल मुलगा आपणांस कदाचित आठवत असतील. त्या दिवशी कंठ दाटून आल्यामुळे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून माझ्या मुलाने रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतले आणि गेमिंगचा संगणक स्वतः जोडला. पंखे फिरत होते, पडद्यावर मात्र काहीच येत नव्हते. ज्या दुकानातून हे भाग घेतले, तेथे कॅबिनेट न उघडताच, ‘प्रोसेसर आणि बोर्ड या दोन्हींचे सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) एएम४ आहे म्हणजे जुळणारच, मुलाने पिना वाकवल्या असतील, नवा प्रोसेसर घ्या’ असे सांगण्यात आले. त्याच दुकानाने ५५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरेसा असताना ८५० वॉटचा त्याच्या गळ्यात मारला होता. पैसे गेल्याचे दुःख आम्ही पचवले असते. पण आपल्याच हातून सारे बिघडले या समजुतीने मुलगा आठ दिवस नीट जेवला नव्हता.

आपण प्रोसेसर काढून दिव्याखाली धरलात आणि गिऱ्हाइके खोळंबलेली असतानाही भिंगातून एकेक ओळ करत त्याच्या १३३१ पिना तपासल्यात. मग माझ्याकडे नव्हे, तर त्याच्याकडे पाहून म्हणालात, “एकही पिन वाकलेली नाही. तुझ्या हातून काहीही बिघडलेलं नाही.” त्या क्षणी त्याचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. संगणक तेव्हा सुरूही झाला नव्हता, तरी माझ्यापुरते काम तेथेच झाले होते.

बोर्डाची जात २०१८ सालची आणि प्रोसेसर २०२२ सालचा, त्यामुळे सॉकेटमध्ये तो नीट बसला तरी बोर्डातील जुन्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, त्याची ओळखच नव्हती, हे आपण त्याला समजावून सांगितलेत. दुकानातील जुना प्रोसेसर बसवून बायोस अद्ययावत केलात आणि पडदा उजळला. नवा बोर्ड विकणे आपल्याला सहज शक्य होते, आम्ही तो मुकाट्याने घेतलाही असता. समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा न घेणारी माणसे बाजारात आहेत, हे माझ्या मुलाला या वयात दिसले, याचे मोल मला फार वाटते.

काल त्याने शेजारच्या मुलीला भागांची यादी करून दिली आणि बोर्डाच्या नावापुढे बायोसची कोणती आवृत्ती लागेल तेही लिहिले. ती यादी घेऊन पुढच्या महिन्यात आम्ही आपल्याकडेच येणार आहोत.

आपली कृतज्ञ,
एक आई, डोंबिवली