बाबा, बाजारभावाचा फोन बसून घ्या

आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, बाबा नुसते उभे असले तर ठीक, पण उभ्याउभ्या व्यापाऱ्याचा फोन घेतला की झोक जातो, हे तू सांगितलंस आणि मला झोप लागेना. तू बरोबर ओळखलंस. हे नुसत्या डाव्या पायाचं दुखणं नाही.

उभं राहिल्यावर कोणाचंही शरीर थोडंथोडं डुलत असतं आणि मेंदू ते आपल्या नकळत सावरतो. लकव्यानंतर तेच काम बाबांना लक्ष देऊन करावं लागतं. त्यात रावेरचा केळीचा आजचा भाव, किती क्विंटल माल निघेल, गाडीचं भाडं असा हिशेब डोक्यात सुरू झाला की लक्ष वाटलं जातं. मग हिशेब तरी चुकतो, नाहीतर तोल तरी.

स्वीडनमधल्या, १९९७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात वृद्धनिवासातल्या ५८ जणांशी चालताचालता बोलून पाहिलं होतं. १२ जण बोलायला थांबले. पुढच्या ६ महिन्यांत त्यातले १० पडले. ते सगळे काही लकव्याचे नव्हते, तरी वाचून मला धडकी भरली.

बाबा, फिजिओ मॅडम उभं करून शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, त्याचा तुम्हाला राग येतो. सगळ्या बागेचा हिशेब तोंडी करणाऱ्या माणसाला हे पोरखेळ वाटणारच. पण त्या तुमची बुद्धी तपासत नाहीत हो. डोकं दुसरीकडे असताना पाय किती सावरतात, ते बघतात आणि तीच सवय हळूहळू करून घेतात. त्यांना नाही म्हणू नका. मात्र हा सराव त्या शेजारी असतानाच करायचा. एकट्याने मुळीच नाही.

एरवी भावाचा फोन खाटेवर बसून घ्या. व्यापारी दोन मिनिटं थांबेल.

आई, त्यांना मागून हाक मारू नकोस, समोर जाऊन बोल. ते उठत किंवा वळत असताना काही विचारू नकोस. पण म्हणून घर मुकं करू नकोस. बसले की भरपूर गप्पा मारा, अहिराणीत भांडा सुद्धा.

आखाजीला मी येतेच आहे. त्याआधी मिस्त्रीला सांगून न्हाणीत दांडी बसवून घे. उजव्या हाताला हवी, आणि भिंतीत पक्की.

तुमची लेक