हॉकमनचा पुनर्जन्म आणि आपला कर्मसिद्धान्त

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी कॉमिक्सवर आलेल्या लेखात, ‘हॉकमन’ या पंखधारी अमेरिकन महानायकाच्या कथेतील पुनर्जन्म ही आपल्या कर्मसिद्धान्ताची उसनवारी आहे, असे विधान वाचले. ते अभिमानापोटी केलेले असेल, पण बरोबर नाही. शिवाय त्या कथेत जे खरोखर वेगळे आहे, त्याकडे वाचकाचे दुर्लक्ष होते, म्हणून हे पत्र.

गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेली पहिली हॉकमन-कथा जानेवारी १९४० च्या ‘फ्लॅश कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात आली. जुन्या शस्त्रांचा संग्राहक कार्टर हॉल, म्हणजेच पुढचा हॉकमन, याला मित्राकडून एक प्राचीन काचेचा खंजीर भेट मिळतो. तो हाती घेताच त्याला ग्लानी येते आणि आपण पूर्वी इजिप्तचा राजपुत्र खुफू होतो, हॅथ-सेट नावाच्या पुरोहिताने आपला व आपल्या प्रेयसीचा घात केला, हे सारे त्याला दिसते. जागा होऊन तो बाहेर पडतो तर तीच प्रेयसी, शिएरा, नव्या जन्मात भेटते, आणि मारेकरी पुरोहितही हॅस्टर नावाचा शास्त्रज्ञ होऊन त्याच शहरात वावरत असतो. यात ‘केले तसे भरावे’ हा हिशेब कोठेच नाही. पाप करणारा आणि निरपराध, दोघेही सारखेच परत येतात.

मग फॉक्स यांना हा पुनर्जन्म इजिप्तमध्येच का घडवावासा वाटला? पाश्चात्त्य मनात ही सांगड फार जुनी आहे. आत्मा अमर असून देहामागून देह धारण करत तीन हजार वर्षांचा फेरा पुरा करतो, हे प्रथम इजिप्शियन लोकांनी सांगितले, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवले. प्रत्यक्षात ज्या लोकांनी मृताचा तोच देह टिकावा म्हणून ममी करण्याचा एवढा खटाटोप केला, त्यांच्या परलोकविचारात नव्या देहाच्या फेऱ्याला जागा नव्हती. म्हणजे उसनवारी असलीच, तर ती आपल्यापेक्षा हेरोडोटसच्या गैरसमजाची अधिक वाटते.

१९६१ मध्ये हॉकमनला थानागार या परग्रहावरचा पोलीस करण्यात आले आणि पुनर्जन्म काही काळ बाजूला पडला. पुढच्या लेखकांनी दोन्ही धागे जोडले: थानागारचे यान प्राचीन इजिप्तमध्ये कोसळले, त्यातील ‘एन्थ’ या काल्पनिक धातूचा सुरा घडवला गेला, आणि त्याच सुऱ्याने मारल्यामुळे खुफू व त्याची प्रेयसी यांचे आत्मे जन्मोजन्मी एकमेकांशी बांधले गेले. मला ही दुरुस्ती मूळ कल्पनेपेक्षा सरस वाटते. तुतानखामेनच्या ममीवर सापडलेल्या खंजिराचे लोखंड उल्केतील असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीतून निश्चित झाले, आणि इजिप्शियन भाषेतही लोखंडाला ‘आकाशाचा धातू’ म्हणत. त्यामुळे आकाशातून आलेल्या धातूचा सुरा त्या भूमीत परका वाटत नाही. भेटीची खूण आणि खुनाचे हत्यार ही एकच वस्तू असणे, हे या कथेचे खरे दुःख आहे.

कर्माच्या जवळ ही कथा आली ती २०१८ पासूनच्या मालिकेत. तेथे हॉकमनने मुळात असंख्य हत्या केलेल्या असतात आणि तितके जीव वाचवीपर्यंत त्याला जन्म घ्यावे लागतात. आपल्या पुरवणीतील लेखकाने हा दाखला दिला असता, तर मी मान डोलावली असती.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती केंड्रा सॉन्डर्स. १९९९ मध्ये अवतरलेल्या या तरुणीने आत्महत्या केल्यावर तिच्या देहात शिएराचा आत्मा येतो, मात्र पूर्वजन्मीचे प्रेम तिला आठवत नाही. कार्टर परत येतो तो ती आपलीच आहे हे गृहीत धरून, आणि केंड्रा त्याला ठामपणे नाही म्हणते. ‘सात जन्मांची गाठ’ हे शब्द लहानपणापासून कानांवर पडलेल्या माझ्यासारखीला तो नकार वाचताना थांबावे लागले, कारण गाठ आठवणाऱ्याच्या बाजूनेच आपण ती नेहमी पाहत आलो आहोत. त्या लेखात केंड्राचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. पुढील भागात तो यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ठाणे