गरम जॉब मोजू नकोस

वडोदरा,
रविवार, रात्री

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच बसली होती आणि तिचे सारे लक्ष तुला खानावळीत धड जेवण मिळते की नाही याकडे होते, म्हणून मी नुसते हुंकार देत राहिलो. बाबांना काही बोलायचेच नाही असे तुला वाटले असेल. बोलायचे पुष्कळ होते. तुझा हालोलचा कारखाना काही दूर नाही, तू पुढच्या रविवारी येशीलही. पण समोरासमोर बसल्यावर मला हे सारे सलग सांगता येईल याचा भरवसा नाही. मशीनच्या आवाजात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाची बोलण्याची सवय मोडते, म्हणून लिहितो आहे.

तुझी तक्रार मी नीट ऐकली. चार वर्षे मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले, संगणकावर ताणाची आणि कंपनांची गणिते सोडवली, आणि शिकाऊ म्हणून कारखान्यात पाऊल ठेवल्यापासून तीन आठवडे व्हाइसच्या पकडीसमोर उभे राहून कानस चालवायची आणि दुसऱ्यांनी काढलेल्या जॉबच्या, म्हणजे घडवलेल्या सुट्या भागांच्या, कडांचे बर, म्हणजे कापताना उरलेली बारीक धार, घासायचे. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवरचा मुलगा तुझ्याहून तीन वर्षांनी लहान, आयटीआय झालेला, आणि तो तुला पॅनेललाही हात लावू देत नाही. हे काम तुझ्या पदवीला शोभत नाही असे तुला वाटते. ज्या कलाभवनात तू शिकलीस ते सयाजीराव महाराजांनी १८९० साली प्रा. गज्जर यांच्या हाती सोपवले, तेव्हा तिथे सुतारकाम, रंगकाम आणि यंत्रकाम शिकवायचे, तेही लोकांच्या भाषेत शिकवायचे, हीच त्यामागची कल्पना होती. पदवी त्या वास्तूत पुष्कळ नंतर आली. तेव्हा कानस हातात घेतल्याने तू कलाभवनाची पायरी उतरलीस असे समजण्याचे कारण नाही.

पण हा झाला इतिहास, आणि इतिहासाने हाताचे फोड बरे होत नाहीत. कानशीने काय साधते ते सांगतो. नवशिक्याने पोलादाची चौकोनी पट्टी घासली की ती डोळ्यांना सपाट दिसते. तिच्यावर गुण्या टेकवून उजेडासमोर धरली की दोन्ही कडांशी प्रकाशाची फट दिसते आणि मध्ये फुगवटा. कारण पुढे जाताना कानशीचे टोक खाली झुकते आणि मागे येताना मूठ झुकते, हात झोपाळ्यासारखा हलतो. तो झोपाळा थांबवायला मला दोन महिने लागले होते. उद्या तू डिझाइनच्या टेबलावर बसशील आणि एखाद्या पृष्ठभागावर सपाटपणाचे चिन्ह टाकून त्यापुढे ०.०२ मिलिमीटर लिहिशील; ते लिहायला तुला एक क्षण लागेल, पण ज्याने ०.०२ पर्यंत पोचण्यासाठी सरफेस प्लेटच्या अचूक सपाट पाटावर निळा रंग लावून उंचवटे शोधले आहेत, तो ते चिन्ह टाकण्यापूर्वी एकदा विचारतो की येथे याची खरोखर गरज आहे का. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर निम्म्या ठिकाणी अशी गरज नसे, आणि ते ड्रॉइंग काढणाऱ्याला आम्ही जे म्हणत असू ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.

बर काढण्याचेही तेच. कडेला राहिलेली ती केसाएवढी धार व्हर्नियरच्या जबड्याखाली आली की माप मोठे येते, आणि चांगल्या भोकात माप तपासायचा गेज जात नाही म्हणून जॉब विनाकारण बाजूला पडतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ती गोष्ट. मी ती तुझ्या आईलाही पुरती सांगितलेली नाही.

मी टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, म्हणून शिकाऊ होतो तेव्हा आमचा कारखाना मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत होता. नाव लिहीत नाही. मे महिना, वर पत्र्याचे छप्पर, बडोद्याचा उन्हाळा तुला माहीतच आहे. मला अकरा शाफ्ट दिले होते. पुली बसते त्या जागेचा व्यास १०० मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच ८: वर शून्य आणि खाली ५४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन), ९९.९४६ च्या खाली गेला की शाफ्ट बाद. मी शेवटचा कट घेत होतो, जॉब गार ठेवणाऱ्या कूलंटचा पंप बिघडलेला होता, आणि मशीन थांबल्याबरोबर, जॉब चकच्या पकडीत असतानाच मायक्रोमीटर लावून पाहत होतो. माप ९९.९६ येई. मर्यादेच्या आत आहे म्हणून मी जॉब उतरवून ठेवी आणि पुढचा लावी. जेवणाच्या सुट्टीपूर्वी अकराही संपले, आणि इतके लवकर संपले म्हणून मी स्वतःवर खूष होतो.

चहाच्या वेळी सहज, काही काम नव्हते म्हणून, पहिला शाफ्ट पुन्हा मोजला. रेघ ९९.९३ आणि ९९.९४ यांच्या मधोमध. मला वाटले मायक्रोमीटर बिघडला. शून्य तपासले, ते बरोबर होते. दुसरा शाफ्ट मोजला, तिसरा मोजला, सगळे तसेच.

तू पुस्तकात शिकली आहेस की पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते. उतरवताना माझे शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा वीसेक अंशांनी तापलेले होते. शंभर मिलिमीटरला वीस अंशांचा हिशेब कर: तेवीस मायक्रॉन. साधारण तेवढेच मला खोटे दिसले होते. मापनाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानलेले आहे हे खरे, पण आमच्या शेडमध्ये चाळीस असले तरी एवढे बिघडत नव्हते, कारण जॉबही पोलादाचा आणि मायक्रोमीटरही पोलादाचा, दोन्ही एकाच टेबलावर तासभर पडले तर दोन्ही सारखेच वाढलेले असतात. घात होतो तो दोघांच्या तापमानात फरक असला की. म्हणून गरम जॉब मोजू नकोस. मोजावाच लागला तर किती वाढ धरायची ते आधी ठरवून मोज, आणि ॲल्युमिनियमच्या जॉबला हा हिशेब दुपटीने धर.

एवढेच सांगायचे असते तर चार ओळींत भागले असते. पण माझे शाफ्ट बाद झाले आहेत हे मला त्या दुपारी चार वाजता कळले होते, आणि मी ते मोजून पुन्हा ढिगात ठेवून दिले. कोणाला सांगितले नाही. अप्रेंटिसशिपचा करार मोडतील, आयटीआयमध्ये कळवतील, घरी पाठवतील, असे काहीबाही मनात येत होते. शिवाय अकरा जणांत कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी एक बावळट आशा. (शाफ्टना मी जण म्हणतो आहे, पण त्या रात्री ते मला माणसांसारखेच दिसत होते.)

तिसऱ्या दिवशी असेंब्लीच्या फिटरने पुली चढवली आणि ती हाताने डुलली. माझे उस्ताद गुजराती होते, कमी बोलणारे. त्यांनी मला बोलावले, शाफ्टकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि एवढेच विचारले, "क्यारे खबर पडी?" कधी कळले? मी खरे ते सांगितले. त्यांनी मान हलवली आणि मला मिलिंगच्या विभागात नेले. तिथे माझ्या अकरापैकी नऊ शाफ्टांवर मिलिंगवाल्याने दोन दिवस बसून कीवे, म्हणजे पुली धरणाऱ्या चावीच्या खाचा, कापले होते. ९९ व्यासाची दुसरी एक ऑर्डर त्याच आठवड्यात यायची होती. कीवे नसते तर ते अकराही शाफ्ट एक मिलिमीटर कातून तिथे लागले असते; कीवे कापल्यावर ते चालेनात, कारण त्या ऑर्डरच्या शाफ्टांचा कीवे वेगळ्या मापाचा होता. म्हणजे माझी चूक फुकटात सुटण्यासारखी होती. जे नऊ शाफ्ट भंगारात गेले ते माझ्या गप्प बसण्यामुळे गेले, आणि त्यांच्याबरोबर ज्याचा काहीही दोष नव्हता अशा माणसाचे दोन दिवस गेले. उस्ताद मला रागावले नाहीत. मिलिंगवाल्याला हे मी स्वतः सांगावे एवढेच म्हणाले, आणि लांब जाऊन उभे राहिले.

तुझा तो सीएनसीवरचा मुलगा तुला पॅनेलला हात का लावू देत नाही, याचा विचार या बाजूने करून पाहा. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या हत्याराच्या मापात, एक आकडा चुकला तर पुढचे सारे जॉब चुकतात, आणि पाळीच्या शेवटी सही त्याची असते. तू पदवीधर आहेस की नाही याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. चूक झाली तर तू त्याला त्याच मिनिटाला सांगशील की लपवशील, हे त्याला अजून ठाऊक नाही. पहिली संधी मिळेल तेव्हा एखादी बारीकशी चूक त्याला आपण होऊन सांग. माझा अंदाज असा, की पॅनेल त्यानंतर फार दिवस बंद राहणार नाही. तोवर त्याच्या शेजारी उभी राहून इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे कापणारे टोक, झिजू लागला की कटचा आवाज कसा बदलतो ते ऐक. ते कॉलेजात कोणी शिकवत नाही.

डायरी रोज लिही. कायद्याने शिकाऊ उमेदवाराने कामाची नोंद ठेवायचीच असते, पण बहुतेक मुले महिनाअखेरीस बसून तीस दिवसांचे एकदम लिहितात आणि त्यात "लेथ मशीनचा अभ्यास केला" यापलीकडे काही नसते. तू माप लिही, वेळ लिही, जॉब गरम होता की गार ते लिही.

स्टायपेंडबद्दल तू नाराज आहेस. पदवीधरांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली घेतले, आणि २०१९ साली त्यांच्यासाठी किमान ९,००० रुपये ठरवले. हालोलची खोली आणि खानावळ यांत त्यातले काय उरते ते मला कळते, कमी पडेल ते मी देईन, मागायला लाजू नकोस. मात्र हे ध्यानात ठेव की वर्ष संपल्यावर कारखान्यावर तुला नोकरी देण्याचे बंधन नाही. तू शिकाऊ आहेस, कामगार नाहीस. तरी सुरक्षिततेचे नियम तुलाही कामगारांइतकेच लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्कही आहे. कराराची नोंदलेली प्रत तुझ्याजवळ आहे का? नसेल तर उद्याच मागून घे.

सुरक्षिततेचे आईने तुला चारदा सांगितले असेल, पण तिला कारखान्यातले काय माहीत. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालू नकोस. सुती मोजा धारेत अडकला तर तो बोटाला सोडत नाही. लांब चिप, म्हणजे जॉबवरून निघणारा धातूचा कीस, हुकाने ओढ, हाताने कधीच नाही. चकची चावी चकमध्ये ठेवून पाठ फिरवू नकोस, एक सेकंदही नाही. वेणी टोपीच्या आत. आणि आजीची अंगठी येथे आणून ठेव. ती तुला कितीही प्रिय असली तरी मशीनला तिचे काय?

गौरी-गणपतीच्या सुट्टीचे आत्ताच विचारून ठेव, कारण ऐनवेळी पाळी बदलून देणारा कोणी भेटत नाही. आलीस की कपाटातला माझा २५ ते ५० चा मायक्रोमीटर घेऊन जा. त्याच्या डबीत २५ मिलिमीटरची एक दांडी आहे, शून्य तपासायची. कागदात गुंडाळून तेल लावून ठेवली आहे. वापरण्यापूर्वी तेल स्वच्छ फडक्याने पूस, दोन्ही तोंडे तपास, टोकाच्या रॅचेटच्या खटक्यानेच फिरव, आणि तपासून झाले की ती लगेच डबीत ठेव. हातात धरून गप्पा मारत बसू नकोस. दांडीसुद्धा गरम होते.

तुझा,
बाबा