पत्रकाच्या तळाची ओळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की आपल्या पानावर खर्चमर्यादेची चौकट येते. लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख, विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख. ती वाचून टपरीवर लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या 40 लाखांतले काही हजार माझ्या दुकानातून जातात, आणि त्या 40 लाखांत कधीच न दिसणारे काही हजारही माझ्याच दुकानातून जातात.

अमळनेरात माझा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, तिथेच अक्षरांचे खिळे जुळवत मी वाढलो. आता ऑफसेट आहे, शेजारच्या गाळ्यात मुलाने फ्लेक्सचं मशीन टाकलंय. एरवी आमचं काम म्हणजे लग्नपत्रिका, पतपेढ्यांच्या पावत्या, जिनिंगवाल्यांची काटाबुकं, गंधमुक्तीचे संदेश. निवडणूक लागली की महिनाभर झोप नाही.

प्रचारपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, प्रती इतक्या. वाचणारा तिथवर पोचत नाही, पण आमचा जीव त्या ओळीत अडकलेला असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, कलम 127 क. मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असल्याशिवाय छापायचं नाही. छापून घेणाऱ्याने सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्षीच्या सह्या करायच्या. त्यातली एक प्रत छापलेल्या पत्रकासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. 1994 पासून निवडणूक आयोगाने आणखी एक नमुना लावला. किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले, तेही तीन दिवसांत कळवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (नुसतं सभेचं ठिकाण आणि वेळ सांगणारं हँडबिल असेल तर हे कलम लागत नाही. हे पुष्कळ छापखानेवाल्यांनाही ठाऊक नसतं.)

आता कबुली. पंधराएक वर्षं झाली असतील. विधानसभेच्या एका उमेदवाराचा माणूस रात्री साडेदहाला दुकानात आला. दहा हजार पत्रकं सकाळपर्यंत हवी होती. मी प्रूफ काढलं, त्याने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "आप्पा, खाले दोनच हजार लिखा. कोन मोजाले येस?" मी लिहिलं. बिल दोन हजारांचं फाडलं, उरलेल्या आठ हजारांचे पैसे "नंतर रोख देऊ" म्हणाला. उमेदवार पडला, रोख आली नाही. दोनदा त्यांच्या वाड्यावर जाऊन आलो. बिल कुठाय, म्हणून विचारलं. बिल असतं तर मी गेलोच कशाला असतो! त्या दिवसापासून माझ्या दुकानात जितकं छापलं तितकंच लिहिलं जातं. याने माझी गिऱ्हाइकं कमी झाली, हेही सांगून टाकतो.

पण त्या माणसाचा प्रश्न मात्र खरा होता. मोजायला कोण येतं? मोजणं अवघड मुळीच नाही. डेमी आकाराच्या एका कागदात आठ पत्रकं बसतात, पाचशे कागदांचं एक रीम. दोन हजार पत्रकांना अर्धं रीम लागतं, दहा हजारांना अडीच. कागदाचं बिल जीएसटीसह माझ्याकडे असतं, प्लेटचा हिशेब असतो. अधिकाऱ्याने अर्धा तास दुकानात बसून कागद मोजला तर तळाची ओळ खरी की खोटी ते तिथेच कळेल. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी बसलेलं नाही.

उमेदवारावर मात्र पहारा कडक आहे, हे कबूल केलं पाहिजे. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं. सबंध निवडणुकीत एकाच माणसाला दहा हजारांच्या वर द्यायचे असतील तर चेकनेच किंवा खात्यातून. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, जीप, सगळ्याचे दर जिल्ह्याने ठरवलेले. खर्च निरीक्षक येतात, व्हिडिओ पथक फिरतं, उमेदवाराच्या वहीशी ताडून पाहायला त्यांची स्वतःची छाया नोंदवही असते. निकालापासून 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांसाठी अपात्र. म्हणून तर गिऱ्हाईक मला विचारतं, "वहिनींच्या नावाचं बिलबुक नाही का?" दहा हजारांवरचं एका दुकानाचं बिल दोन नावांत वाटलं की रोखीत भागतं.

मर्यादाच तुटपुंजी म्हणून लोक खोटं लिहितात, असं काही शहाणे म्हणतात. आमच्या मतदारसंघात तीन लाखांच्या आसपास मतदार. 40 लाखांना भागलं तर माणशी तेरा रुपये पडतात. मान्य, थोडे आहेत. पण 2014 ला हाच आकडा 28 लाख होता, 2022 मध्ये 40 झाला. दोन बिलांची सवय कुठे सुटली?

खरी गोम दुसरीकडे आहे, आणि ती मला दुकानातूनच समजली. त्याच कायद्याच्या कलम 77 प्रमाणे हिशेब सुरू होतो तो अर्ज भरल्या दिवसापासून, संपतो निकालाच्या दिवशी. मुलाच्या फ्लेक्सच्या मशीनवर मात्र निवडणूक वर्षभर आधी सुरू होते. वाढदिवस, गणपती, दहीहंडी, सगळ्यांवर तोच हसरा चेहरा. 2024 ची दिवाळी तर अर्ज भरून होताच आली. आदल्या पंधरवड्यात शुभेच्छांचे जेवढे बोर्ड निघाले तेवढे लग्नसराईतही निघत नाहीत. आधी छापलेलं नंतर वापरलं तर खर्चात धरावं, असं आयोगाचे नियम सांगतात. पण बोर्ड एका ऊन-पावसात फाटला की त्याचा हिशेबही फाटतो. 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात विधी आयोगाने सुचवलं होतं की हिशेब निवडणुकीच्या अधिसूचनेपासून धरावा. फार तर आठवड्याभराचाच फरक, पण तेवढंही झालं नाही.

बोर्डावर खाली 'शुभेच्छुक : अमुक मित्रमंडळ' असतं. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यासाठी खर्च करणं 1920 पासून गुन्हा आहे. दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. नव्या भारतीय न्याय संहितेत तो दहा हजारांपर्यंत नेलाय. आमच्याकडच्या मित्रमंडळांना तो भरायची वेळ आल्याचं मी काही ऐकलं नाही.

आणि पक्ष? पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. चाळीस लाख नव्हे, चारशे कोटी खर्चा. पत्रकावर उमेदवाराचं नाव-फोटो असेल तर खर्च त्याच्या माथी, नुसतं चिन्ह आणि मोठ्या नेत्याचा फोटो असेल तर पक्षाच्या खात्यात. म्हणून शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे जे काम येतं त्यात उमेदवार गायब असतो! मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 स्टार प्रचारकांचा प्रवास असाच बाजूला काढलेला आहे. हेलिकॉप्टर उतरतं तेव्हा त्याचं भाडं आमच्या उमेदवाराच्या वहीत येत नाही. मात्र तो त्याच व्यासपीठावर बसला की सभेच्या खर्चात त्याचा वाटा धरतात. म्हणून काही उमेदवार खाली पहिल्या रांगेत बसलेले दिसतात. लोकांना वाटतं, किती नम्र माणूस.

हे आपोआप झालेलं नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही मर्यादेत मोजावा, असा निकाल 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला होता. संसदेने लगोलग कायदा बदलून तो निष्प्रभ केला. 2003 मध्ये ती पळवाट आखडली आणि सवलत मुख्यत्वे प्रचारकांच्या प्रवासापुरती ठेवली, पण पक्षाच्या एकूण खर्चाला कुंपण घातलं नाही. पक्षाने विधानसभेनंतर 75 दिवसांत, लोकसभेनंतर 90 दिवसांत आयोगाला विवरण द्यायचं, एवढंच. ब्रिटनमध्ये 2000 च्या कायद्याने पक्षाच्या देशभराच्या प्रचारखर्चालाही मर्यादा घातली. किती जागा लढवता त्यावर ती ठरते. आपल्याला ते जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर का, तेही सांगावं.

15 फेब्रुवारी 2024 ला पक्षांना निनावी देणगी देता येणारे निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले, तेव्हा आमच्या गल्लीतही चर्चा झाली. पैसा कुठून येतो ते मतदाराला कळलं पाहिजे, हे न्यायालयाने ठणकावून सांगितलं. छान झालं. तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाने आयोगाला कळवायची सक्ती आजही नाही, आणि दोन हजारांपर्यंत रोख घेता येते. मला शंभराच्या पावतीपुस्तकांची ऑर्डर येते, नावाचा रकाना कोराच ठेवा म्हणून. मी रकाना छापतो, भरणारे ते.

दिल्लीत कायदा बदलेल तेव्हा बदलो. एक गोष्ट मात्र कायदा न बदलता जिल्ह्यातच होऊ शकते, आणि तेवढ्यासाठी हे पत्र. आम्ही छापखानेवाले जे नमुने भरून पाठवतो, त्यात प्रतींचा आकडा आणि रक्कम असते. ते नमुने पत्रकाच्या फोटोसह रोजच्या रोज जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. शेजारी उमेदवाराच्या वहीतली त्याच पत्रकाची नोंद ठेवा. चोपड्याचा, पाचोऱ्याचा कोणीही पोरगा मोबाइलवर दोन्ही आकडे पाहील. ज्याच्या घरात त्या पत्रकाचे तीन गठ्ठे पडलेत, त्याला दोन हजार प्रतींचा हिशेब पटणार नाही आणि तो बोलेल. होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं, असं 2024 च्या लोकसभेवेळी आयोगाने बजावलंय. तेव्हा फ्लेक्सचंही असंच करता येईल. आम्हा मुद्रकांनाही त्याने बळ येईल. रात्री साडेदहाला आलेल्या माणसाला मी म्हणू शकेन, भाऊ, उद्या हे सगळ्यांना दिसणार आहे, मी कसं खोटं लिहू?

गेल्या विधानसभेची माझी घोषणापत्रं, कागदाची बिलं आणि प्रत्येक पत्रकाची एकेक प्रत मी फाइलला लावून ठेवली आहे. निवडणूक शाखेतल्या कुणाला कागद मोजायला यायचं असेल तर दुकान सकाळी नऊला उघडतं. बुधवारी बंद असतं.

आपला,
एक मुद्रक, अमळनेर, जि. जळगाव
(गिऱ्हाइकं अजून इथलीच आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)