खरारा आणि ब्रश

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना सात महिने उत्तर नाही. रागवायचा हक्क आहे तुला, पण आधी हे वाच. तब्येती ठीक आहेत. आईचा गुडघा आणि माझी पाठ आहे तिथेच आहेत.

घोड्यांच्या फार्मवरचा संगीत मेळा झाला. ऑटिझमबद्दल लोकांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाच्या, जवळचा रविवार धरला होता. कल्पना माझी, साउंडही माझ्याकडे. आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. घरात बोललो की सगळे समजूत घालतात. तू घालणार नाहीस, म्हणून तुलाच लिहितोय.

धाकटा आता नऊ वर्षांचा झाला. दोन वर्षं दर शनिवारी तो तिथे जातोय. पुढे एकजण दोर धरून, दोघं दोन्ही बाजूंना, आणि मध्ये त्या तपकिरी घोडीवर हा. घोडी चालते तेव्हा वर बसलेल्याची कंबर आपण स्वतः चालताना हलते तशीच हलते: पुढे-मागे, डावी-उजवी, थोडी वळतेसुद्धा. शिकवणाऱ्या ताईंनी हे सांगितलं तेव्हा मी मात्र टापा मोजत होतो. सावकाश चालताना चारही पाय वेगवेगळे पडतात, चार स्वच्छ ठोके. तुला ऐकवायचे होते. तो फार थोडं बोलतो, पण ‘चल’ हा शब्द त्याला त्या घोडीने दिला. त्याने म्हटलं आणि ती चालली. त्याच्या शब्दाने काहीतरी घडलं, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं असावं.

मेळ्याची तयारी आम्ही मनापासून केली होती रे. स्पीकरची तोंडं पागेच्या उलट दिशेला. कान झाकायला जाड हेडफोन. एक अंधारी, शांत खोली. पुढे काय होणार त्याची चित्रं ओळीने लावलेली. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायचे. बिचकणारे दोन घोडे आधीच मागच्या कुरणात सोडलेले. ताईंनी लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. पोलिओने गुडघ्याखालचे पाय लुळे पडलेली ही डॅनिश बाई, घोड्यावर चढायलाही दुसऱ्याची मदत लागायची, आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तिने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला शिस्तीत, तोलात चालवून दाखवायच्या स्पर्धेचं, रौप्यपदक घेतलं. पहिली दोन गाणी इतकी छान झाली की एक वडील मुलीला घेऊन गाडीतच, काच अर्धी खाली करून, शेवटपर्यंत ऐकत बसले. तिला कुठल्याच कार्यक्रमाला नेता येत नाही म्हणाले.

तिसऱ्या गाण्याला गायिकेचा आवाज मागे पडला आणि मी माइक वाढवला. एवढंच. माइकने शिट्टी मारली. तीन सेकंद असेल. धाकटा पागेच्या दाराशी घोडीजवळ उभा होता. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला ३३ हजारांपर्यंत. शिट्टीतलं आपल्याला न कळणारं काय तिच्या कानात गेलं असेल! तिने मान झटकली, मागे सरकली. तो कान दाबून खाली बसला आणि ओरडत राहिला. कुणालाही लागलं नाही. हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता सहन होत नाही.

तू आपल्या शेवटच्या कार्यक्रमात ड्रमच्या काठ्या खाली ठेवून स्टेजवरून उतरला होतास, ‘आधी आवाज कमी कर’ म्हणून. मी तीन महिने तुझ्याशी बोललो नाही. बासरीवाला मध्ये पडला नसता तर आजही बोललो नसतो. तेव्हा तुझंच बरोबर होतं. हे मी वीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

आवाज त्याला नुसता मोठा वाटत नाही, तो त्याच्या अंगावर येतो. २०१३पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतसुद्धा हे आहे. मला ते पाठ आहे, आणि तरी बटण मीच फिरवलं. लोकांना जाणीव व्हावी म्हणून त्याची एकमेव शांत जागा मी वापरली. दोन शनिवार तो फाटकापर्यंत गेला, कुंपणाला हात लावला आणि परतला. ती जागा त्याच्यासाठी संपली असेल, तर त्याला दुसरी कुठून आणून देऊ?

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार सांग. छोटीचा निकाल कळव, विचारायचं राहून जातंय.

परवाच्या शनिवारी ताईंनी त्याला बसायला सांगितलंच नाही. घोडीला फाटकाशी आणलं आणि त्याच्या हातात खराऱ्याचा ब्रश दिला. पाच-सहा मिनिटं तो घासत होता. एका लयीत, सर्र… सर्र… सर्र… घोडीचा एक कान त्याच्याकडे वळलेला. मला तू आठवलास: ‘ब्रश घोड्याला लावायचा, ड्रमला काठ्याच!’ हळू गाण्यांना मी तारांचे ब्रश घे म्हणायचो आणि तू हेच ऐकवायचास.

पुढच्या वर्षीचं मी अजून कुणाला हो म्हटलेलं नाही. माइक नको, स्पीकर नको, कुंपणाबाहेर बसून वाजवायचं, एवढंच डोक्यात आहे. ते ब्रश तुझ्याकडे आहेत का अजून? असले तर एखाद्या शनिवारी घेऊन ये.

तुझाच,
मी