जेनेरिक स्वस्त आहे हे कळलं, पण पुढचं कोण सांगणार?

संपादक महोदय, स. न.

जेनेरिक औषधांवर पेपरात काहीही आलं तरी दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, ब्रँडची किंमत आणि जेनेरिकची किंमत, आणि वाचणाऱ्याने कपाळाला हात लावायचा, विषय संपला. माझं सदाशिव पेठेत औषधांचं दुकान आहे, म्हणजे हा आता मार्जिनसाठी रडणार असं काही जणांना वाटेल, वाटू दे. किमतीतली लूट खरीच आहे, काही स्ट्रिपवरची एमआरपी आमच्या खरेदीच्या कितीतरी पट असते हे मीच सांगतो. पण गोळी स्वस्त मिळाली की उपचार पण स्वस्त झाला असं आपण धरून चालतो ना, घोळ तिथे आहे.

गोळी पोटात विरघळून औषध रक्तात वेळेवर आणि पुरेसं उतरलं पाहिजे. ते तपासायच्या टेस्टला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात, मूळ औषधाशी तुलना करून आकडा 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसावा लागतो. (व्हॉट्सॲपवर फिरतं तसं याचा अर्थ 45 टक्के फरक चालतो असा नाही, नुसती सरासरी बसून भागत नाही तर तिच्या दोन्ही बाजूंची रेंज पण त्यात बसावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक बराच कमी निघतो.) आता आपल्याकडे पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना ही टेस्ट सक्तीची झाली 2017 मध्ये. त्याआधी औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की राज्याकडून या टेस्टशिवाय लायसन्स मिळू शकायचं, आणि त्या काळातल्या गोळ्या अजूनही विकल्या जातायत. कुठली कशी हे स्ट्रिपवर लिहिलेलं नसतं, मला दुकानदाराला कळत नाही तर गिऱ्हाईकाला काय कळणार.

तापाच्या गोळीत याने फारसं बिघडत नाही, पण फिटच्या आजारातलं फेनिटॉइन घ्या. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात त्याच्या कॅप्सूलमधली नुसती भरायची पावडर बदलली, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं, औषध तेच आणि डोसही तोच, तरी पेशंटच्या रक्तात औषध जास्त चढून त्रास झाला. आणि आपल्याकडे पेशंटला या महिन्यात एका कंपनीची आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कंपनीची गोळी मिळते, का तर टेंडर बदललं किंवा होलसेलरकडे माल शॉर्ट आहे! थायरॉईडच्या गोळीचं पण तेच. शिवाय म्हातारी माणसं गोळी रंगावरून ओळखतात, गुलाबी बीपीची आणि पांढरी शुगरची, रंग बदलला की एक तर दोन्ही घेतात नाहीतर एकही घेत नाहीत.

ब्रँड घेतला की सुटलो असंही नाही हां. 1986 ला मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरॉलने 14 पेशंट गेले, लेंटिन आयोग बसला, एवढा मोठा रिपोर्ट आला. विष होतं डायइथिलिन ग्लायकॉल, आणि 2025 मध्ये छिंदवाड्यात लहान मुलं गेली ती त्याच विषाने, तेही डॉक्टरांनी नाव लिहून दिलेल्या ब्रँडच्या कफ सिरपमधून.

2023 च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांना जेनेरिक नाव (म्हणजे ब्रँड नाही, नुसतं औषधाचं नाव) लिहायची सक्ती केली आणि त्याच महिन्यात स्थगित पण केली. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला पण एक गोष्ट फारसं कोणी बोललं नाही, डॉक्टरने कंपनी लिहिली नाही की कंपनी निवडणार मी. आणि दुकानदार कुठली निवडणार? दहावर दोन फ्री असतील ती. स्पष्टच सांगतो, राग आला तर येऊ दे.

स्वस्त औषधाचा दर्जा तपासणं गरीब देशांना जमत नाही म्हणावं तर तमिळनाडूच्या सरकारी औषध खरेदी महामंडळाकडे बघा, 1990 च्या दशकापासून खरेदी जेनेरिकचीच, टेंडर पण स्वस्ताचंच, पण प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीचं नाव झाकून लॅबला जातो आणि पास झाला तरच माल हॉस्पिटलला. 2001 मध्ये सिप्लाने एचआयव्हीची औषधं एका पेशंटला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली तेव्हा आफ्रिकेसाठी दार उघडलं हे खरंच, पण त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा औषधांचा दर्जा आधी तपासून यादी करायची पद्धत सुरू केली, म्हणून देणगीच्या पैशातून ती डोळे झाकून घेता आली.

आपल्याकडे मात्र सरकारी हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन लोक माझ्या काउंटरवर येतात, आत औषध नाही म्हणून. फुकटची गोळी नसेल तर तिची किंमत शून्य धरायची का पूर्ण एमआरपी? हा हिशोब कुठल्याच जाहिरातीत नसतो.

माझी मागणी साधी आहे. ऑगस्ट 2023 पासून ठराविक 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यात बॅच नंबर, एक्सपायरी, कंपनीचं नाव वगैरे दिसतं. त्यातच त्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट टाका, बायोइक्विव्हॅलन्स झालंय की नाही ते टाका, आणि जनऔषधीसकट सगळ्या औषधांना लावा. सध्या बॅच फेल झाल्याचं पत्र आमच्यापर्यंत येतं तेव्हा बहुतेक वेळा तो माल विकून संपलेला असतो, परत काय पाठवणार? आणि फिट, थायरॉईड किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी बिलावर कंपनीचं नाव बघत जा, बदललं असेल तर घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, दुकानदाराला राग येत नाही.

– एक औषध विक्रेता, सदाशिव पेठ, पुणे